बाबांची गाठ

सांतोस बंदर,
४ मार्च १९८७

ती. बाबांस,
जुरेमाचा सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. ट्रकही ठणठणीत आहे. तुम्ही माझ्याआधी त्याचीच चौकशी करता, तेव्हा तेच आधी लिहायला हवं होतं. गुडघ्यांना तेल लावता ना, की बाटली नुसती फळीवर शोभेला ठेवलीय?

आता खरं सांगते. परवा पुन्हा चार पोती कॉफी कमी भरली, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. आपल्या गावाहून पुरा माल घेऊन निघाले, वाटेत एकदाच, नेहमीच्या फणसाखाली रांधून जेवले आणि बंदरावर बघते तर चार पोती गायब. ताडपत्री कुठे फाटलेली नाही, दोर जसाच्या तसा आवळलेला, मागची गाठ जिथल्या तिथे. हमालांनी ती नेहमीसारखी सोडायचा कंटाळा करून विळ्याने कापली. तो तुकडा मी ठेवलाय, त्यांच्याशी भांडायला.

पंचाईत त्या गाठीचीच आहे. ती माझ्याशिवाय अख्ख्या रस्त्यावर कुणाला येत नाही, हे तुम्हीच वीस वर्षं गावभर सांगितलंत. त्यामुळे आता सगळे म्हणतात, गाठ शाबूत आणि माल कमी, म्हणजे हात बाईचाच. इथल्या गोदामाचे एवाल्दो साहेब तोंडावर तसं बोलले नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले की तिसऱ्यांदा असं झालं तर कॉफी दुसऱ्याच्या ट्रकमध्ये जाईल आणि माझं नाव सगळ्या गोदामांना कळवावं लागेल. बाबा, एकदा नाव गेलं की या रस्त्यावर बाईला पुन्हा कोण उभं करणार? मी रडले नाही, पण घेवड्यात मीठ दोनदा घातलं.

काहीतरी सुचवा. भाषण नको, उपाय लिहा.

तुमच्या आशीर्वादावर गाडी हाकणारी,
जुरेमा


त्रेस पोंतास,
९ मार्च १९८७

चि. जुरेमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाषण नको म्हणालीस म्हणून दोनच पानं लिहितो.

गोदामातून निघालीस की पहिले शंभर किलोमीटर थांबायचं नाही, पोटात कावळे ओरडले तरी नाही. पाळत ठेवणारा साधारण तिथवरच मागे येतो. ट्रक उभा करताना शेपूट भिंतीला लाव, इतकी की मधून मांजर जाऊ नये. तुझी स्वयंपाकाची पेटी ट्रकच्या कुशीला आहे, म्हणजे चुलीकडे तोंड केलंस की मागची बाजू कुणालाही मोकळी. तेव्हा ताट घे आणि मागे जाऊन जेव. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय भरलंय, कधी निघणार, कुठे थांबणार, हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. एकतीस वर्षांत माझ्या ट्रकमधून एक दाणा गेला नाही, ते उगाच नाही. तुझ्यावर संशय घेणाऱ्यांना माझ्याकडे पाठव. त्यांची एकेकाची हजेरी घेतो.

बाकी इकडे मजेत आहे. झुल्मिराबाईंच्या बेकरीत रोज तुझी चौकशी होते. डिसेंबरपासून वाल्दिर नावाचा एक टायर विकणारा गृहस्थ येतो. काय माणूस आहे! म्हाताऱ्याचं बोलणं इतकं कान देऊन ऐकणारं हल्ली कोण भेटतं? एकदा तर दुपारभर टेबलापलीकडे बसून माझ्याकडून आपली गाठ शिकला, आणि चीजचे पाव त्याच्याच खर्चाने. तू कधी निघतेस, कुठे जेवतेस, सगळं आपुलकीने विचारतो. तुझ्यासाठी स्थळ बघतोय असं समजू नकोस, पण हाताला चपळ आहे हो.

तुझा काळजीवाहू बाप,
अनाक्लेतो


कामांदुकाया, पेट्रोल पंप,
१६ मार्च १९८७

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले. चीजच्या पावांपाशी आले आणि हसू जागीच थांबलं.

तो कापलेला तुकडा काढला. शेजारी स्वतः एक गाठ मारली आणि दोन्ही मांडीवर ठेवून बघितल्या. तुम्ही डावरे, म्हणून तुमचा शेवटचा वेढा डावीकडून येतो. माझाही तसाच येतो, मी उजव्या हाताची असूनसुद्धा. त्या तुकड्यावरचा वेढा उजवीकडून आलाय. बाकी गाठ तंतोतंत तुमची, फक्त आरशात बघावी तशी उलटी. बाबा, समोर बसून शिकणाऱ्याची ती अशीच उलटी येणार. तुमच्या समोर कोण बसलं होतं, ते तुम्हीच लिहिलंय.

तुम्हाला लागेल म्हणून दोन दिवस हे पत्र लिहिलं नाही. मग म्हटलं, माझं नाव जाण्यापेक्षा तुम्हाला लागलेलं परवडलं. एवाल्दो साहेबांना दोन्ही गाठी दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसून पुसून बघितलं, पण म्हणाले की गाठीवरून कुणाला चोर ठरवता येत नाही, हातात पोतं सापडायला हवं.

तेव्हा आता ऐका. आजवर मी तुम्हाला तोंड आवरा म्हणत आले. आज हात जोडून सांगते, तोंड सोडा. बेकरीत जा आणि वाल्दिरला सांगा की पोरगी गुरुवारी, २६ तारखेला निघतेय, पहिल्या प्रतीची कॉफी आहे आणि फणसाखाली जेवून ती अर्धा तास आडवी होते. एवढंच सांगा. मीठमसाला लावू नका.

तुमच्या बडबडीच्या भरवशावर असलेली,
जुरेमा


त्रेस पोंतास,
२० मार्च १९८७

चि. जुरेमास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला दोन पानं उपदेश केला आणि त्यातला एक शब्द मी स्वतः पाळला नव्हता. फार लाज वाटली.

सांगितलंस तसं केलं. त्याने पाव मागवले, माझ्या घशाखाली उतरेनात. तारीख सांगितली, फणस सांगितला, तुझी झोप सांगितली. मीठमसाला थोडा लागलाच, तू घोरतेस असंही म्हणालो. तो उठून गेल्यावर झुल्मिराबाई म्हणाल्या की आज तुम्ही हवामानाबद्दल एकदाही बोलला नाहीत, ताप आहे का?

पोती गेली तर जाऊ देत. तू त्यांच्या अंगावर धावून जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आणि ती गाठ मी आता कुणाला दाखवणार नाही. माझ्या वडिलांनी दिलेली गोष्ट मी तीन पावांवर घालवली.

अपराधी,
तुझा बाबा


सांतोस बंदर,
२८ मार्च १९८७

ती. बाबांस,
सा. न. वि. वि. आणि एक घट्ट मिठी.

पकडला! गुरुवारी फणसाखाली माझ्यासकट सहा ट्रक होते. मी जेवले आणि बाकावर तोंडावर टोपी घेऊन पडले. तुम्ही कबूल केलंत म्हणून थोडं घोरलेसुद्धा. वाल्दिर आणि त्याचा जोडीदार मागून टेम्पो घेऊन आले, गाठ सोडली, दोन पोती उतरवली आणि पुन्हा गाठ मारली. तेवढ्यात, आधी ठरवल्याप्रमाणे, बाकीचे पाच ड्रायव्हर ताटं हातात घेऊनच भोवती उभे राहिले. मी धावून गेले नाही, चालत गेले. मागच्या पोत्यांत मी मुद्दाम कोंबडीखत भरलं होतं. एक फुटलं ते वाल्दिरच्याच पायावर.

पोलिसांसमोर त्याने ट्रकला हातही लावला नाही म्हणून सांगितलं. हवालदाराने त्याच्या हातात दोर दिला आणि गाठ मारायला लावली. उलटी आली, ट्रकच्या मागे होती तशीच. मग माझ्या हातात दिला. मी बोलावून घेतलेले एवाल्दो साहेबही तिथेच होते. सगळ्यांदेखत म्हणाले, “जुरेमाबाई, माझी चूक झाली.” कॉफी माझ्याकडेच राहिली बाबा, नाव पण. आता आम्ही सगळे ट्रकच्या शेपट्या एकमेकांना भिडवून उभे करतो आणि मधल्या जागेत बसून जेवतो.

हवालदार विचारत होता की तुम्हाला एकीलाच ती सुलट कशी येते? तेव्हा हसून टाळलं, तुम्हाला सांगते. तो समोर बसून शिकला. मी चार वर्षांची असताना ट्रकच्या पायरीवर तुमच्या मांडीत बसून शिकले, माझे हात तुमच्या हातांखाली होते. तेव्हा गाठ घालवली असं पुन्हा लिहू नका. ती कुणाला द्यायची तर आधी त्याला मांडीवर घ्यावं लागतं, आणि बेकरीतल्या कुणाला घ्यायला तुमचे गुडघे तयार होणार नाहीत.

तेल मात्र लावा. पुढच्या रविवारी येते. लोभ आहे तसाच असू द्या, आणि येताना काय भरून आणतेय ते विचारू नका.

तुमची,
जुरेमा