हात न धरल्याबद्दल

प्रिय मावशी,

आज तू माझ्यावर रुसून घरी गेलीस. स्कॅनआधी इंजेक्शन घेताना "हात तरी धर गं" म्हणालीस आणि मी काचेपलीकडून नुसती मान हलवली. सुई माझ्या सहकाऱ्याने टोचली. आता तासभर अजिबात बोलायचं नाही, असं त्याने बजावल्यावर तू म्हणालीस, "त्यापेक्षा ऑपरेशन परवडलं!" सगळे हसले, मी सोडून.

त्या औषधात किरणोत्सर्ग असतो. कॅन्सर असेल तिथे ते जास्त जमतं आणि स्कॅनमध्ये ती जागा उजळते. चार महिन्यांपूर्वी तुझ्या काखेतल्या तीन गाठी अशाच लखलखताना मी पाहिल्या आणि "डॉक्टर सांगतील" म्हणत तोंड फिरवलं. तुझ्यापुढे खोटं बोलायला मला कधी जमलंच नाही.

आज तिन्ही जागा विझलेल्या दिसल्या. मी तीनतीनदा पाहिलं, मावशी! पण अहवालावर सही डॉक्टरांची. ते उद्या सकाळी तुला फोन करतील.

आणि हात का धरला नाही? मला तिसरा महिना चाललाय. तू केमोने बेजार असताना ही गोष्ट तोंडातून निघेना. इथे फक्त विभागप्रमुखांना सांगितलं, म्हणून त्यांनी मला काचेमागचं काम दिलं.

हे पत्र मी तुला देणार नाही. असली बातमी कागदावरून कळवली तर तू मला फाडून खाशील. उद्या डॉक्टरांचा फोन झाला की मी येतेच. तोवर औषधही अंगातून उतरलेलं असेल. मग माझ्या पोटावर हात ठेव आणि हवं तेवढं बोल. त्यालाही तुझा आवाज ओळखीचा व्हायला हवा.

तुझी,
लांब उभी राहिलेली भाची