सातचा भोंगा

होनग्याळ, ता. देगलूर
रविवार, ऑगस्टअखेर

प्रिय संगू,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या अप्पांची शुगर आटोक्यात आहे आणि माझा गुडघा जिना सोडला तर तक्रार करत नाही. फोन असताना कागदावर का लिहिते आहे, ते पत्र वाचून झाल्यावर कळेल. शिवाय फोनवर तू 'आई, बुलेटिन आहे, नंतर बोलू' म्हणतोस, आणि तुझं ते नंतर होतं तेव्हा इकडे आम्ही झोपलेलो असतो. कागदाचं बरं असतं. तो तुझ्या सवडीची वाट बघत पडून राहतो.

गावातली बातमी म्हणजे आपल्या ग्रामसभेला आता गर्दी होते. तुला खरं वाटणार नाही. तू लातूरला बारावीला होतास तेव्हाची सभा आठव. ग्रामसेवक टेबलापाशी घाम पुसत बसायचे, समोर चार म्हातारी माणसं, आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब. जे येत त्यांनाही गावातलं काही बोलायचं नसायचं. एकदा नालीचा विषय निघाला, तर खताच्या दुकानाच्या गुरुलिंगनं अमेरिकेच्या निवडणुकीवर असं काही भाषण दिलं की माणसांचे दोन तट पडले. नाली पुढच्या सभेवर गेली आणि अमेरिका तेवढी निकालात निघाली. दिल्लीत काय चाललंय ते सगळ्यांना पाठ, आणि आपल्या वॉर्डात पाणी कुठल्या दिवशी सुटतं ते बायकांना विचारायचं.

भोंगा त्यानंतर आला. महिला ग्रामसभेत तो विषय मी मांडला, पण पटवला सरजाबाईनं. ती दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपते, तिचा नातू माझ्याकडे चौथीला होता. उभी राहून म्हणाली, "बाई, पोरगं पुस्तक उघडतंय अन् डोळे टीव्हीकडं. अन् त्येचा बाप तर झोपेत बी टीव्हीच बघून राहिलाय." सगळ्या हसल्या आणि ठराव झाला. ग्रामपंचायतीच्या छतावर भोंगा बसला. संध्याकाळी सातला वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला पुन्हा वाजला की मोकळीक. पुरुषांनी सुरुवातीला चेष्टा केली. मग घरात बसून करायचं काय, म्हणून एकेक जण बाहेर कट्ट्यावर येऊ लागला. गप्पा आपसूक नळाला मोटर कोण लावतो, स्मशानाकडचा पूल कुणी खाल्ला, अशा वाटेला लागल्या. त्या वर्षीच्या सभेला सतरंज्या कमी पडल्या आणि आपल्या तनुजानं, म्हणजे आता ती सरपंच आहे, शाळेतून बाक आणवले.

मग गेल्या वर्षी चॅनलमध्ये तुझ्याकडे सातचं बुलेटिन आलं. तू ते फोनवर सांगितलंस. नंतर अप्पा मला म्हणाले, "भोंगा आठला न्हाई का करता येणार?" मी हसले. आठला भाकरी असतात, बायका कशाला ऐकतील? तरी ते तनुजाकडे जाऊन आले, तोंड पाडून परतले. त्यानंतर त्यांनी एक मार्ग काढला. सातला भोंगा झाला की आपल्या किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं आणि आत टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बसायचं. तू पडद्यावर दिसत नाहीस हे त्यांना मी समजावलं होतं. ते म्हणायचे, "दिसत नसंल, पर हे समदं त्यानंच लावलेलं हाय ना." गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही. आवाज नाही ना, मग नियम मोडला असं कसं म्हणायचं, असा हिशेब गावानं अप्पांसाठी मनातल्या मनात करून टाकला होता.

आता मे महिन्याचं. त्यावर आपण दोघं अजून नीट बोललेलो नाही, म्हणून इथं जसं घडलं तसं लिहिते. सीमेवर तणाव होता, टीव्हीवर रात्रंदिवस सायरन वाजत होते. शाळेला सुट्टी होती, पण बायकांनी भोंगा बंद करू दिला नाही, त्यांना तो दीड तास गोड लागला होता. त्यातच शिवकन्याचं लग्न निघालं. गुरुलिंगची भाची ती. वऱ्हाड तेलंगणातलं, निजामाबादकडचं. त्यांना आपल्या भोंग्याचं काय माहीत? पंगत बसली आणि सात वाजले. आपली माणसं वाढत राहिली आणि पाहुणे ताटं टाकून उठले. कुणी टेबलाखाली शिरलं, कुणी मांडवाचे दिवे घालवले, नवऱ्याचा बाप भाताच्या पातेल्यामागे बसला. दोन मिनिटांत उलगडा झाला. पाहुणेही हसले, बाप तर सर्वांत जास्त. पंगत पुन्हा बसली. कुणीतरी मोबाईलवर ते घेतलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सातला अप्पा नेहमीसारखे शटर ओढून बसले होते आणि पडद्यावर आपला मांडव आला. कडुलिंब, ग्रामपंचायतीची पायरी आणि मागे आपल्या दुकानाची पाटी. आवाज बंद, आणि खाली पळणारी हिंदी अक्षरं चष्म्याशिवाय त्यांना वाचता येत नाहीत. त्यांना वाटलं, तू गावाचं कौतुक दाखवलंस. भोंगा दाखवलास. संगू, मी लग्न करून आले तेव्हापासून ह्या माणसाला मी पळताना पाहिलेलं नाही. ते शटर वर करून कट्ट्याकडे पळाले. "आमच्या संगूनं गाव दाखिवलं. चला, बघा चला." गोळ्यांची बरणी बगलेत होती, भेटेल त्याला गोळी देत होते. तनुजाच म्हणाली, आजच्या दिवस नियम बाजूला ठेवू. दुकानासमोर माणसं मावेनात. मीही होते. अप्पांनी स्वतःच्या हातानं आवाज वाढवला.

पुढचं तुला ठाऊक आहे. 'सीमावर्ती गाँव में हाहाकार.' तेलंगणाची सीमा आपल्यापासून हाकेवर आहे, तेवढं खरं. पातेल्यामागे बसलेल्या व्याह्यांच्या तोंडाभोवती लाल वर्तुळ होतं आणि ते पुन्हा पुन्हा दाखवत होते. माणसं तोंडात गोळी घेऊन उभी होती. सरजाबाईनं तिची गोळी काढून हातात धरली. गुरुलिंग सर्वांत आधी निघून गेला. अप्पांनी टीव्ही बंद केला, बरणीचं झाकण लावलं आणि गिऱ्हाईक नसताना उगाच साखर मोजत बसले.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यातून माणसं आली आणि अशा दिवसांत भोंगा वाजवू नका म्हणून समजावून गेली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून तो बंदच आहे. परत सुरू करायची परवानगी मागणारा अर्ज देगलूरला पडून आहे. शिवकन्याला सासरी अजून बोलणी बसतात. ज्या गोष्टीवर तिचा सासरा स्वतः हसला होता, तीच गोष्ट साऱ्या देशानं पाहिल्यावर त्याला ती हसण्यासारखी वाटेना. नागपंचमीला तिला माहेरी धाडलं नाही. तू मला फोनवर एकच वाक्य बोललास, 'त्या दिवसांत सगळंच घाईत चाललं होतं.' असेलही. दर पाच मिनिटांना काहीतरी नवं द्यावं लागतं, हे मी समजू शकते. ते चित्र तू निवडलंस, की दुसऱ्या कुणी निवडलं आणि तू जाऊ दिलंस, मला माहीत नाही. पण मागची पाटी तू ओळखली नसशील, असं मला म्हणता येत नाही. दहावीच्या सुट्टीत ती तूच रंगवली होतीस. 'किराणा'तला 'णा' वाकडा झाला म्हणून रडलाही होतास.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. अप्पा जन्मात कधी सभेला बसले नव्हते, दुकान कोण बघणार म्हणून. त्या दिवशी धुतलेला सदरा घालून आले आणि मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसले. पाण्याच्या टाकीचा विषय झाला, घरकुलांचा झाला. मग गुरुलिंग उठला. चॅनलनं गावाची खोटी बदनामी केली, त्याचा निषेध करायचा ठराव त्यानं मांडला. तिथवर सगळ्यांनी माना हलवल्या. पण तो खाली बसेना. म्हणाला, "सरपंचबाई, नुसतं चॅनलचं नाव नगं. तिथं बसून हे करणारा आपलाच हाय. त्येचं नाव ठरावात घाला. आमच्या व्याह्याचं तोंड साऱ्या मुलखानं बघितलं, त्येचं नाव निदान ह्या गावानं तरी लिवून ठेवावं." त्यात राग होता, पण खोटं मला काही सापडलं नाही. तनुजानं विचारलं, अनुमोदन कुणाचं? हात वर होईना. सगळे समोर बघत होते, मागे बघायचं टाळत होते. आईनं अशा वेळी काय करायचं असतं ते मला सुचलं नाही.

मागून आवाज आला, "अनुमोदक सिद्रामप्पा लिवा."

माणसं वळली. अप्पा भिंतीला धरून उभे राहिले. तुला माहीत आहे, त्यांना चार माणसांत बोलता येत नाही, भाव सांगतानाही आवाज खाली जातो. तसंच बोलले, पण ऐकू आलं. "खोटं दाखिवलं, हे खरं हाय. माझ्या दुकानात, माझ्या टीव्हीवर बघितलंय. ठरावाला माझं अनुमोदन हाय. पर पोराचं नाव आज नगं. आपल्या पाव्हण्याला टीव्हीवर दाखिवलं तवा त्येला कुणी इचारलं व्हतं का, बाबा का पळालास म्हणून? न्हाई इचारलं. आता आपण बी न इचारता नाव लिवलं, तर आपण बी त्येंच्यासारखंच केलं म्हणायचं. त्येला बोलवा. इथं उभा करा, काय म्हणतो ते ऐका, मग काय लिवायचं ते लिवा." गुरुलिंगनं विचारलं, "अन् आला न्हाई तर, अप्पा?" अप्पा म्हणाले, "न्हाई आला तर त्येचं नाव मी सांगतो. माझ्या तोंडानं. तुमी लिवून घ्या." आणि खाली बसले. गुरुलिंगही बसला. जाताना त्यानं अप्पांची चप्पल ढिगातून शोधून त्यांच्या पायाशी ठेवली, हे मी पाहिलं.

त्यानंतर अप्पांनी एक काम अंगावर घेतलं आहे. शाळेची जुनी घंटा, तो रुळाचा तुकडा, तो त्यांनी मागून आणून दुकानासमोर कडुलिंबाला टांगलाय. सातला तेच त्यावर टोले देतात. आवाज चार गल्ल्यांच्या पुढे जात नाही, पण तेवढ्यात टीव्ही बंद होतात. आणि आता तेही बंद करतात, अगदी बटणावरून. मात्र रात्री नऊला तुमच्या चॅनलवरचा वाद लागतो तेव्हा चष्मा लावून, आवाज मोठा करून, शेवटपर्यंत ऐकतात. मी एकदा विचारलं, त्यात काय सापडतं तुम्हाला? म्हणाले, "आपलं काही हाय का त्यात, बघून राहिलो."

तर संगू, आता पत्राचं कारण. हे पत्र मी आई म्हणून लिहायला बसले खरी, पण ते ग्रामसभेनं लिहायला सांगितलेलं आहे. तनुजा नोटीस काढणार होती, शिक्का मारून, रजिस्टर पोस्टानं. तेव्हा सरजाबाई उठली आणि म्हणाली, "नोटीस कशाला? नीलाबाईनं लिवावं. तिच्या हातचं त्यो शाळेत बी वाचत व्हता." सगळ्यांना ते पटलं. पुढची ग्रामसभा दोन ऑक्टोबरला सकाळी, शाळेच्या आवारात आहे. विषयपत्रिकेत तुझा विषय टाकीच्या दुरुस्तीनंतर आहे. सतरंजीवर बसावं लागेल, आणि माईक बिघडलेला आहे, तेव्हा मोठ्यानं बोल. ती बातमी लागली त्या दिवशी तिकडे काय झालं ते मला आधी फोनवर सांगू नकोस. मला सांगितलंस तर मी तुला क्षमा करीन, आणि ते माझ्या एकटीच्या हातात आता नाही. जमलं तर आदल्या संध्याकाळी सातच्या आत पोच. अप्पा हातोडी घेऊन झाडाखाली उभे असतील. त्यांच्याशी बोलायची घाई करू नकोस. नुसता शेजारी उभा राहा, टोले होऊ दे. मग ते तुला जेवलास का म्हणून विचारतील.

वाट बघणारी, तुझीच
आई