विहारातल्या वाचनासाठी दोन पाट्यांची परीक्षा

कोल्हापूर,
९ सप्टेंबर २०१०

चि. प्रसेनजीत यास आकाराममामाचा सप्रेम जय भीम.

तुझी कंबर कशी आहे? (दिवसभर खुर्चीत बसून पगार घेणाऱ्यांची आधी कंबरच जाते.) शिरोळात पाणी उतरलं, असा तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या अक्काचा, फोन आला होता. इकडे मी आणि शालनमामी मजेत. माझे डोळे तर ठणठणीत. मोतीबिंदू वगैरे डॉक्टरांच्या कल्पना आहेत.

तर तू अमेरिकेच्या फेरीतून आणलेल्या दोन्ही इलेक्ट्रॉनिक पाट्या पोचल्या. वर्षावासात विहारात ग्रंथ वाचताना दोन्ही वापरून बघा, बरी वाटेल ती ठेवा, दुसरी परत करा, असं तू लिहिलंस. योग्य माणसाला विचारलंस. अठरा वर्षं, दर पावसाळ्यात तीन महिने, रोज संध्याकाळी तिथं मी वाचतोय. यंदा मात्र पिराजी माझ्या जागेवर टपून बसलाय. (आवाज फाटका, पण चष्मा नाही, एवढंच त्याचं भांडवल.) त्यामुळं परीक्षा मी कसून घेतली.

आधी ती राखाडी, नुसती वाचायची पाटी. कागदासारखी शांत, वजनाला हलकी, एकदा चार्जिंग केलं की कितीतरी दिवस बघायला नको. फक्त तू पुस्तकाच्या पानांचे फोटो घातलेस, त्यामुळं अक्षर मुंगीएवढं, आणि तिला स्वतःचा उजेड नाही. सातला लोडशेडिंग झालं. पिराजी लगेच म्हणाला, "दादा, सरका की जरा. माझ्याकडं बॅटरी हाय, मी वाचतो." मी सरकलो नाही. त्याची बॅटरी तेवढी मागून घेतली.

मग तो चकचकीत टॅब्लेट. उजेड घरचाच, अक्षर दोन बोटांनी ताणलं की वांग्याएवढं होतं. (बोट ओलं करून पान उलटायची माझी सवय त्याला मानवत नाही, पण ते जमवून घेतलं असतं.) आता आपल्याकडं ग्रंथाला फुलं वाहिल्याशिवाय वाचन सुरू होत नाही, हे तुला ठाऊकच आहे. मी तो पांढऱ्या कापडावर ठेवला. बाळाबाईंनी नळाखाली धुतलेला निशिगंध त्यावर वाहिला, मागोमाग धोंडुबाईंनी. पाणी ठिबकलं, पानं पळाली, आणि तुझ्या आर्यनचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ भोंगे वाजवत सुरू झाला. सगळे डोळे मिटून हात जोडून बसलेले. कुणी तरी हसलं, तशा बाळाबाई डाफरल्या, "गप बसा की! सुरू झालंय न्हवं?" मी घाईघाईनं धोतरानं पुसलं, तर टॅब्लेट काळाठिक्कर. मी डगमगलो नाही. त्या काळ्या पाटीकडं बघत अख्खं प्रकरण वाचून काढलं.

तेव्हा माझं मत असं, की दोन्ही वस्तू उत्तम आहेत. दोष असलाच तर विजेचा आणि निशिगंधाचा. आर्यनला गोड पापा.

तुझा,
आकाराममामा

ता. क. : काळ्या पाटीवरून मी काय वाचलं, हे तुझ्या मनात आलंच असेल. अठरा वर्षांत सगळं पाठ झालंय. गेली दोन वर्षं मी नुसती पानं उलटतो. कुठं अडलोच तर खोकतो, आणि शेजारी बसलेली शालन हळूच पुढचा शब्द सांगते.

ता. क. : काल शालन आली नव्हती. मी खोकलो, तर पुढचा शब्द पिराजीनं सांगितला. अगदी हळू, दुसऱ्या कुणाला कळणार नाही असा.

ता. क. : हे अक्षर तुझ्या मामेबहिणीचं, संघप्रियाचं आहे, हे तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. मी सांगतोय, ती लिहितेय. पाट्या न्यायला तू स्वतःच ये आणि मला ऑपरेशनला घेऊन जा. तोवर पिराजी वाचेल, मी त्याला तसं सांगितलंय. मला भीती वाटते. (हे वाक्य खोड म्हणालो, तर पोरगी खोडत नाही.)