कोपऱ्यातला घास

रत्नागिरी, मार्गशीर्ष १९३४

परळच्या चाळीचे मेहताजी यांस चिमाचा नमस्कार.

तुमची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशी गावच्या रीतीने मी कोपऱ्यात भाताचा घास ठेवला. म्हटलं, जागेचा जो कोणी राखणदार असेल त्याने जेवायला यावं. घास रोज संपायचा. घरचे म्हणायचे, उंदीर असतील. पण तान्ह्या बाळाला हाक मारली की कोपऱ्यातून ओ यायची. म्हणून खोली सोडून माहेरी आले.

काल आईने जेवायला एक पान जास्त मांडलं. विचारलं तर म्हणाली, "तुज्यासंगती आलेल्या पाव्हण्याला नको काय गो?"

नव्या भाडेकरणीला तसाच घास ठेवायला सांगा. म्हणजे हा पाव्हणा तिकडे परत जाईल.

आपली,
चिमा

ता. क. खोलीत बाळंतीण राहायला आल्याचं कळलं. पत्र टाकत नाही. आज ते पान मीच वाढलं.