मालूच्या नावाची कॅसेट

वर्तकनगर, ठाणे
१४ फेब्रुवारी १९८८

ती. दामाजीमामांस,
मंजुळाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. आत्याकडे सर्व कुशल आहे. एम. ए.ची पुस्तके ग्रंथालयातून मिळतात. विकत घेण्याची गरज पडत नाही. संध्याकाळी दोन तास मी नौपाड्यात सुधीरशेठच्या कॅसेट कंपनीत बसते. आईने गायलेल्या गाण्यांचे शब्द उतरवून देण्याचे काम होते. ते आता संपले.

ध्वनिमुद्रणाचे विचाराल तर, दहाही गाणी ठीक झाली. तुमच्या ढोलकीचे वादकांनी कौतुक केले. मात्र ढोलकीवाले मामा गायिकेपेक्षा जास्त घाम गाळतात, असेही ते म्हणाले.

सुधीरशेठची कॅसेट पारखण्याची रीत वेगळी आहे. ते नमुना प्रत तीन-चार हळदींत वाजवायला देतात आणि कोणत्या गाण्याला नाचणारी पोरे पाणी प्यायला बसली, एवढेच विचारतात. ज्या गाण्याला बसली, ते गाणे काढून टाकतात. आईच्या चार गाण्यांना पोरे बसली. ही चाल आमच्या आजीच्या वेळची, असे एकाने सांगितले म्हणे. पण दहातली चार गाणी काढली तर कॅसेट भरत नव्हती, म्हणून शेठनी ती काढली नाहीत. सगळी टेपच यंत्रावर थोडी जास्त वेगाने पळवून घेतली. पुन्हा वाजवली तेव्हा कोणी बसले नाही. आवाज मात्र बारीक झाला आहे, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीसारखा.

वेष्टनाचा कागद माझ्याकडून लिहून घेतला. माझे अक्षर पाहून त्यांनी तो तसाच छापायला दिला. पुढच्या आठवड्यात कॅसेट तुमच्या हाती पडेल. आईला सांगा की, नीट ऐक.

आशीर्वाद आहेतच, ते तसेच राहावेत.
आपली,
मंजुळा


मोठागाव, डोंबिवली
६ मार्च १९८८

चि. मंजुळास,
दामाजीमामाचे पुष्कळ आशीर्वाद.

कॅसेट आली. तीन दिवस आळीत दुसरं काही वाजलं नाही. शेजारच्या नाथाच्या पोरांनी तर अंगणाची माती उडवली. तुझ्या आईनं पहिल्यांदा दोन्ही बाजू ऐकल्या. मग म्हणाली, लग्नाआधी माझा आवाज असाच होता, मशीनला कसं कळलं? मी म्हटलं, मशीन शिकलेली आहे, आपल्या मंजुळासारखी.

तुला ठाऊक आहे, मागे मुंबईच्या कंपनीनं तबकडी काढली तेव्हा तुझी आई, आपली बाय, मागच्या रांगेत उभी राहून गायली. तिथं नावाचा प्रश्नच नव्हता. या वेळी ती गावभर सांगून आली आहे की, नाव छापलंय आणि तेही लेकीच्या हातचं. शेजारणींना घेऊन आली, डबी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, माझं नाव कुठं आहे ते दाखव.

मंजुळा, मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण एवढं मला वाचता येतं. डबीवर मुलीचा फोटो आहे, आणि मोठ्या अक्षरात ‘बेबी मालू’ लिहिलंय. तुझं अक्षर मी दहा हात लांबून ओळखतो. शेजारणी बघत होत्या. मी त्याच नावावर बोट ठेवलं. बायनं तिथं कुंकू लावलं.

आता ही बेबी कोण, ते तू सांग. सांगताना मोठे मोठे शब्द घालू नको.

मामाची माया आहेच.
दामाजी


वर्तकनगर, ठाणे
१३ मार्च १९८८

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मालू नावाची कोणी मुलगी नाही. फोटो सुधीरशेठच्या ओळखीतल्या एका मुलीचा आहे. ती गात नाही. शेठ म्हणाले की, हा बारीक आवाज आणि पन्नाशीच्या बाईचे नाव, हे गिऱ्हाइकाला पटणार नाही. नाचणारी पोरे वीस वर्षांची आहेत. त्यांना त्यांच्या वयाची गायिका हवी. मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि नाव सांगितले. मी ते लिहिले.

त्यांनी मला धमकावले नाही. दुकानात चार माणसे होती आणि माझ्याकडे कोणी पाहू नये, एवढेच मला वाटत होते. वर्गातही प्रश्नाचे उत्तर येत असताना मी हात वर करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शुद्धलेखन मात्र मी दोनदा तपासले.

मला वाईट वाटायला हवे होते, हे कळते. अजून तसे काही वाटलेले नाही. बसने घरी आले, जेवले, वाचत बसले.

आईला मीच सांगेन. परीक्षा झाल्यावर घरी येईन, तेव्हा समोर बसून सांगेन. तोवर तुम्ही बोलू नये, ही विनंती.

राग आला असेल तर तो ठेवून घ्यावा. लोभ मात्र काढून घेऊ नये.
मंजुळा


मोठागाव, डोंबिवली
२० मे १९९०

चि. मंजुळास आशीर्वाद.

दोन उन्हाळे झाले. तू तीनदा येऊन गेलीस. दर वेळी बाय तुला वाकट्यांची सुकी मासळी बांधून देते, तू नमस्कार करतेस आणि जातेस. मी काही विचारत नाही.

परवा शहाडला काळुरामच्या मुलीची हळद होती. दुपारीच मांडव भरला. आम्हाला मानानं बोलावलेलं. बँजोवाले होते, नवीन कॅसिओ होता, माझी ढोलकी कोपऱ्यात. पोरांनी मालूचं गाणं म्हणून बायचंच एक गाणं मागितलं. बाय हसली, पदर खोचला आणि उभी राहिली. तिनं ते आपल्या चालीत उचललं, जसं होडीतून उतरताना पाय जपून टाकावा तसं. दुसऱ्या कडव्याला एक पोरगा बोलला, “मावशी, बसा. मालूचं गाणं बिघडवू नका.” बाकीची पोरं हसली. बँजोवाल्यानं चाल पळवली आणि गाणं पुढं निघून गेलं. बाय मध्येच थांबली. कुणी बघितलंही नाही, सगळे नाचत होते.

परत येताना तिनं एवढंच विचारलं की, ही मालू कोण. मी बोललो, हल्लीच्या पोरांना काय कळतंय. घरी आल्यावर तिनं डबी कपाटात ठेवली.

आता तू काय ते ठरव. मी दमलो बोट ठेवून.
तुझा मामा


वर्तकनगर, ठाणे
३ जून १९९०

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचले. उत्तराला उशीर झाला.

एम. ए.ला विद्यापीठात दुसरी आले, हे तुम्हाला कळलेच आहे. नोकरी मिळेपर्यंत दुकानातले काम चालू ठेवले आहे. आजवर एकोणीस कॅसेटींचे कागद लिहिले. हल्ली पोरांना मालूसुद्धा संथ वाटते. शेठनी ढोलकी काढून टाकली आणि यंत्रातला ठेका घेतला. शेजारच्या दोन कंपन्या बंद पडल्या. आपण पोरांच्या पायांमागून धावतो, असे शेठ म्हणतात. मी ऐकते आणि पुढचा कागद घेते.

शहाडचा प्रसंग वाचताना त्या पोराचे वाक्य व्याकरणदृष्ट्या अगदी बरोबर आहे, असे प्रथम मनात आले. माझे असे का झाले आहे, ते कळत नाही.

दिवाळीत येईन. तेव्हा सांगेन.
आपल्या मायेवर विसंबून,
मंजुळा


मोठागाव, डोंबिवली
१७ नोव्हेंबर १९९१

चि. मंजुळास आशीर्वाद.

तू दिवाळीत आलीस, ती मागची. या दिवाळीलाही आलीस. असो.

गावात साक्षरतेचा वर्ग निघाला आहे. शाळेतल्या विमलाबाई दुपारी शिकवतात. पहिलं नाव बायनं घातलं. आम्ही चेष्टा केली की, आता तू पण एम. ए. होणार. ती हसली नाही. पाच महिन्यांत मुळाक्षरं, काना, मात्रा सगळं झालं; जोडाक्षरं अजून राहिलीत. पाटीवर स्वतःचं नाव लिहून पुसते, परत लिहिते.

काल तिनं कपाटातून डबी काढली. उजेडात बसली, चष्मा लावला. एका हातात पाटी, एका हातात डबी. पाटीवरचं बघायची, मग डबीवरचं. सगळ्या ओळी बघितल्या, मागची बाजू पण. मग कुंकवाच्या डागावर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. बे. बी. मा. लू. मी तिथंच जाळं दुरुस्त करत बसलेलो. तिनं पाटी धुतली आणि भात टाकला.

आता मला लिहू नको. तिला लिही. जोडाक्षरं घालू नको.
दामाजी


वर्तकनगर, ठाणे
२४ नोव्हेंबर १९९१

आई,

हा कागद तुला आहे. तूच वाच. मी अक्षर मोठे काढले आहे.

कॅसेटवर तुझे नाव नाही. मालू नावाची कुणी मुलगी नाही. सगळी गाणी तूच गायलीस. सुधीरशेठ बोलले आणि मी मालू असे लिहिले. नको, असे बोलायला मला जमले नाही. मग तुला सांगायलाही जमले नाही. दर वेळी घरी आले आणि तशीच परत गेले. मामाही तुला खरे बोलला नाही, ते माझे ऐकून.

काल मी दुकानात गेले. मालू खोडा आणि आईचे नाव छापा, असे सांगितले. चार माणसे होती. मी मोठा आवाज काढून सांगितले. शेठ हसले नाहीत, रागावले नाहीत. ती कॅसेट आता निघत नाही, असे बोलले. मुलांना हिंदी चालीवर कोळी गाणी हवी आहेत. उरलेला माल पुसून तीच गाणी भरली. तुझा आवाज दुकानात आता नाही.

मी काम सोडले. मला रडू येत नाही. यायला हवे.

तू राग काढ. मी ऐकेन.

मंजुळा


मोठागाव
२ डिसेंबर

मंजू,

कागद वाचला. दोन दिवस लागले. कुणाला विचारलं नाही.

मालू कुणी नाही आणि डबीवर माझं नाव नाही, हे मला शहाडला कळलं. तू सांगशील अशी वाट पाहिली.

कॅसेट पुसली तर पुसली. गाणी मला येतात.

तुझं अक्षर चांगलं आहे. सगळे सांगतात. माझं नाव तू लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. एका कागदावर लिही. मोठं लिही. बाकी काही लिहू नको.

आई