सारिकानं मोजलेली केबल

३ मार्च
विहिरीवरची मोटार परत नुसती गुणगुणते, फिरत नाही. दोनदा वाइंडिंग भरून आणली. आता जळाली तर गुलाब हातचा जाणार. सकाळी मी आणि ही, बादल्यांनी पाणी घातलं. हिची कंबर धरली. मोटार भरणाऱ्याला फोनवर नको ते बोललो.

४ मार्च
सूनबाई म्हणाली, "आबा, दोष मोटारीचा नसेल. केबल तपासू का?" सारिका लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवायची. मी फटकन बोललो, "केबल मी स्वतः टाकलीय. सातशे फूट, मधी एक जोड नाय." रात्री जेवण गेलं नाही मला.

५ मार्च
आपणच म्हणालो, चल बाई, बघ. मीटर घेऊन ती विहिरीवर, मी घराच्या बोर्डापाशी, फोन कानाला. बोर्डावर २२८ व्होल्ट. ती म्हणाली, "इथंही २२८."
"बघ! केबल चांगली हाय!"
"आता मोटार चालू करा, आबा."
केली. गुणगुण. लगेच ओरडली, "बंद करा! दीडशेच्या खाली आलं!"
मग बांधावर बसून तिनं मला समजावलं. करंट वाहत नाही तोवर व्होल्टेज पडत नाही. मोटारीनं ओढलं की तार वाटेतच खाते. जितकी लांब, जितकी बारीक, तितकी जास्त. बारीक तार मीच घेतलेली.
संध्याकाळी भरणाऱ्याला फोन. चूक माझी, म्हणालो. तो हसला. बरं वाटलं.

९ मार्च
जाड केबल टाकली. सारिका आणि मी ओढत नेली, जोडणी वायरमननं केली. बटण दाबलं, मोटार फिरली! चालू मोटारीवर २१२. वायरमन तिला म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्या लाईनीत या." ही वाफ्यातल्या पाण्यात पाय सोडून बसली, उठेचना. सारिकाही जाऊन बसली शेजारी.

१४ मार्च
सारिकानं आयटीआयचा फॉर्म आणलाय. इलेक्ट्रिशियन. संदीप, आमचा पोरगा, सिन्नरहून ड्यूटी करून आला, फॉर्म वाचला. "या वयात? आपल्या परीला शाळेतून कोण आणणार?"
"मी आणतो," म्हणालो.
"रोज, आबा? दोन वर्षं?"
"रोज."
त्यानं फॉर्म परत तिच्या हातात दिला. सारिकानं नाव लिहिलं, आडनावापाशी थांबली. संदीपकडे बघत होती, तो हो म्हणतो का म्हणून. मी चष्मा पुसत बसलो.