पिंजऱ्यातल्या वाघिणीच्या नावावर लावलेला मृत्यू

प्रति,
मा. उपवनसंरक्षक साहेब,
कोसमटोला वनविभाग, जि. चंद्रपूर

विषय : हल्लेखोर वाघाचा चुकीचा क्रमांक रद्द करून सोमवारपासून जंगलातील कक्ष ११२ बंद ठेवणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे ७ व ८ मे रोजीचे अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

१. अर्जदार आपल्या कार्यालयात कंत्राटी सांख्यिकी सहायक आहे. सात हल्ल्यांची यादी तारखेप्रमाणे होती, त्या जागी सापडलेल्या केसांचा प्रयोगशाळेचा अहवाल गावांच्या नावांप्रमाणे. दोन्हींत समान क्रमांक नव्हता. सात ओळींसमोर सात ओळी पाहून अर्जदाराने त्या तशाच शेजारी चिकटवल्या. ही चूक अर्जदाराची आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

२. वाघीण क्र. १४ ने फक्त गायी मारल्या होत्या. तिच्या नावावर तीन माणसे लागली. माणसे फाडणारा नर क्र. ९ यादीत गायी मारणारा ठरला. २ मे रोजी वाघीण जेरबंद झाली आणि गावोगावी भोंगा फिरला की जंगल मोकळे आहे.

३. ६ मे रोजी कक्ष ११२ मध्ये तेंदूपाने तोडताना वच्छलाबाई भोयर यांना वाघाने मानेला धरले. बायांनी आरडाओरडा केला तरी त्याने सोडले नाही. चाळीस पावलांवर धड सापडले, डावा पाय नाल्यात. त्यांचे पती पत्रूभाऊ कार्यालयात येऊन म्हणाले, "बाई, वाघीण तं पिंजऱ्यात हाय म्हने, मंग माई बायको कोनं खाल्ली?" त्यानंतर अर्जदाराने दोन्ही याद्या काढून गावाच्या नावावरून पुन्हा जुळवल्या, तेव्हा वरील चूक दिसली.

४. वच्छलाबाईंच्या नोंदीत त्याच कक्षातील आधीच्या हल्ल्यातील वाघाचा क्रमांक संगणकाच्या प्रोग्रामने आपोआप उचलला. सबब, चार दिवस पिंजऱ्यात बसलेल्या वाघिणीने वच्छलाबाईंना मारले अशी शासकीय नोंद आहे. ही बाब निदर्शनास आणली असता वरिष्ठ म्हणाले, "पकडल्याची तारीख सात मे कर, जुळून जाते." अर्जदाराने तारीख बदललेली नाही व बदलणारही नाही. साहेब, संताप येतो.

५. सोमवारी एक्केचाळीस बाया त्याच कक्षात पाने तोडायला जाणार आहेत. त्यांत अर्जदाराची आई आहे. तिला सांगून पाहिले, ती म्हणाली, "साहेबाचा कागद खरा का तुया?"

करिता, रविवार सायंकाळपर्यंत कक्ष बंद झाल्याचा भोंगा फिरावा. न फिरल्यास अर्जदार सोमवारी पहाटे जंगलाच्या फाटकात आडवी पडेल. मग कामावरून काढावे, तक्रार नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
आचल खुशाल शेंडे
दि. १० मे २०२४

सोबत :
१) दोन्ही मूळ याद्या
२) गावाच्या नावावरून नव्याने जुळवलेली यादी
३) वच्छलाबाईंच्या मृतदेहाचा फोटो. पाहून परत करावा. पत्रूभाऊंकडे बायकोचा दुसरा फोटो नाही.